आधी टेबल, मग लॅपटॉप: दोन-तीन मॉनिटरवर प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांसाठी

मागचा लॅपटॉप घेण्याआधी मी दोन महिने अभ्यास केला होता. इंटेल की एएमडी यावर मित्रांशी वाद घातले, कुठल्या मॉडेलचा पंखा किती वाजतो याचे व्हिडिओ पाहिले, तक्ते केले. लॅपटॉप घरी आला. टेबलावर दोन मॉनिटर आधीपासून होतेच. पहिला एचडीएमआयला लावला, लगेच लागला. दुसरा टाइप-सीच्या अ‍ॅडॅप्टरवर लावला, तर काळोख. अ‍ॅडॅप्टर बदलला, केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकले. रात्री साडेबाराला उत्पादकाच्या एका पीडीएफमध्ये बारीक अक्षरातली ओळ सापडली: टाइप-सी, फक्त डेटा. दुकानात मी हे विचारलं होतं. “टाइप-सी सगळ्या सेमच असतात हो सर,” असं उत्तर मिळालं आणि मीही मान डोलावली होती.

सगळा अभ्यास प्रोसेसरवर झाला आणि गाडी अडली ती दीडदमडीच्या भोकापाशी. तेव्हापासून कोणी “प्रोग्रॅमिंगला कुठला लॅपटॉप घेऊ?” असं विचारलं की मी उलटं विचारतो: टेबलावर काय ठेवणार आहेस? मॉनिटर ठरले की पोर्ट ठरतात, पोर्ट ठरले की निम्मे लॅपटॉप आपोआप यादीतून उडतात, आणि उरलेल्यांत प्रोसेसर-रॅम बघणं सोपं जातं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. वेब, बॅकएंड, मोबाइल अ‍ॅप असली कामं करणाऱ्या आणि घरी दोन बाहेरचे मॉनिटर लावू पाहणाऱ्या माणसासाठी.

पायरी १: जुन्याला खरंच रिटायर करायचंय का?

नवीन घेण्याआधी एक कामाचा दिवस जुन्या यंत्राकडे लक्ष ठेवा. विंडोजचा टास्क मॅनेजर किंवा मॅकचा अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा ठेवायचा आणि यंत्र अडखळलं की बघायचं, नेमकं काय भरलंय. रॅम ९० टक्क्यांच्या पुढे आणि प्रोसेसर निवांत, असं चित्र असेल तर दुखणं रॅमचं आहे. २०१८च्या आसपासच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅमचा एक तरी स्लॉट मोकळा किंवा बदलता येण्याजोगा असतो. ८ जीबीचे १६ केले, फिरती हार्ड डिस्क असेल ती काढून एसएसडी टाकली, की आणखी दोन वर्षं सहज निघतात.

मॉनिटरचंही तसंच. सहाव्या ते दहाव्या पिढीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर लॅपटॉपचा स्वतःचा धरून तीन पडदे चालवतात. म्हणजे तुमच्या जुन्या यंत्राला दोन बाहेरचे मॉनिटर आजही झेपत असतील, फक्त पोर्ट अपुरे असतील. तिथे बरा डॉक, म्हणजे एका केबलवर अनेक पोर्ट देणारा डबा, घेतला की काम होतं.

हे नको तिथे ताणू मात्र नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते. प्रोसेसर त्याआधीचा असेल, रॅम बोर्डावर डाग दिलेली (सोल्डर केलेली, म्हणजे न बदलता येणारी) असेल, बिजागरी तुटली असेल, तर डागडुजीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. किंवा त्यावर लिनक्स टाकून घरातल्या कॉलेजवाल्याला द्या.

पायरी २: टेबल मोजा

शब्दशः मोजा, टेप घेऊन. २७ इंची मॉनिटर साधारण ६१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन शेजारी शेजारी ठेवले की सव्वा मीटर गेलं. वन बीएचकेच्या हॉलमधल्या चार फुटी टेबलावर हे मावत नाही आणि मग लॅपटॉप मांडीवर येतो. माझ्याकडे एक आडवा आणि एक उभा आहे. उभ्यावर लॉग आणि डॉक्युमेंटेशन छान दिसतं. भिंतीला किंवा टेबलाच्या कडेला लावायचा आर्म घेणार असाल तर मॉनिटरच्या पाठीमागे १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोकं आहेत ना ते बघा. स्वस्त मॉडेलना ती कधी कधी नसतात.

आता पडद्याची निवड. माझं मत स्पष्ट आहे: दिवसाचे आठ तास अक्षरं वाचायची असतील तर २७ इंचावर फुल एचडी घेऊ नका. २४ इंचावर फुल एचडी म्हणजे इंचाला सुमारे ९२ पिक्सेल. चालतं. तेच पिक्सेल २७ इंचावर पसरले की अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. २७ इंचावर क्यूएचडी, म्हणजे २५६० बाय १४४०, घेतला तर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल मिळतात. ४के घेतला तर १६३. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांना हा फरक जास्त जाणवतो. इंग्रजी अक्षरं कमी पिक्सेलमध्ये कशीबशी उभी राहतात, पण ‘ष्ट्र’ किंवा ‘क्त्या’ अशा जोडाक्षरांचा पार लगदा होतो.

विंडोज आणि लिनक्सवाल्यांना २७ इंची क्यूएचडी हा सगळ्यात शहाणा सौदा. कुठलंही स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवणं) न करता अक्षरं वाचता येतात, एडिटर आणि टर्मिनल शेजारी शेजारी बसतात, आणि किंमत साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत राहते. मॅकवाल्यांनी मात्र शक्यतो ४के बघावा. २०१८च्या मोहावी आवृत्तीपासून मॅकने अक्षरं गुळगुळीत करायची जुनी पद्धत मूळ सेटिंगमधून काढली, त्यामुळे कमी घनतेच्या पडद्यावर तिथला मजकूर किरकिरा वाटतो.

तीन बाहेरचे मॉनिटर? मी सहा महिने वापरून पाहिले. तिसऱ्यावर ईमेल आणि चॅट असायचं, म्हणजे लक्ष विचलित करायला खास १२ हजारांचं यंत्र. परत विकला. तुम्ही ट्रेडिंगचे किंवा सर्व्हरवर नजर ठेवायचे डॅशबोर्ड चालवत असाल तर गोष्ट वेगळी.

एक चूक टाळा: १०० टक्के आणि २०० टक्के स्केलिंगचे पडदे शेजारी ठेवणं. विंडोजमध्ये खिडकी एकावरून दुसऱ्यावर सरकवली की आकार उडी मारतो, काही जुनी सॉफ्टवेअर धूसर दिसतात. शक्य असेल तर दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे घ्या. रंगही जुळतात.

पायरी ३: पाण्याच्या पाइपचा हिशेब

इथे थोडं गणित आहे, पण पाचवीतलं. पडद्यावर दर सेकंदाला किती माहिती जाते आणि वायरीतून किती मावते, एवढंच बघायचं. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलताना, नेहमीच्या रंगांत लागणारी माहिती साधारण अशी (जीबीपीएस म्हणजे सेकंदाला अब्ज बिट):

- फुल एचडी: ३.२ जीबीपीएस
- क्यूएचडी: ५.६ जीबीपीएस
- ४के: १२.५ जीबीपीएस

आणि पाइपांची प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता (डिस्प्लेपोर्ट हा एचडीएमआयसारखाच चित्राचा पोर्ट):

- एचडीएमआय १.४: सुमारे ८
- एचडीएमआय २.०: सुमारे १४.४
- डिस्प्लेपोर्ट १.२: सुमारे १७.३
- डिस्प्लेपोर्ट १.४: सुमारे २५.९

आता दोन्ही याद्या समोरासमोर ठेवा. एचडीएमआय १.४ वर क्यूएचडी निभावतो, पण ४के ६० हर्ट्झला मावत नाही, ३० हर्ट्झवर येतो. तीस हर्ट्झवर माउसचा बाण फरपटत चालल्यासारखा वाटतो आणि कोड स्क्रोल करताना डोकं धरतं. बजेट लॅपटॉपमध्ये २०२३ पर्यंत सर्रास एचडीएमआय १.४ दिलेला असायचा. खोक्यावर नुसतं ‘एचडीएमआय’ लिहिलं असेल तर संशय घ्या. ‘एचडीएमआय २.१’ असं लिहिलं असलं तरी पूर्ण ४८ जीबीपीएस मिळतीलच असं नाही, कारण त्या आवृत्तीतल्या बहुतेक सुविधा ऐच्छिक आहेत. प्रोग्रॅमिंगसाठी याने फारसं बिघडत नाही, फक्त त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

खरी गंमत टाइप-सीत आहे. टाइप-सीच्या तोंडात वेगवान माहितीचे चार मार्ग असतात. चारही मार्ग चित्राला दिले तर वरचे पूर्ण आकडे मिळतात, पण मग यूएसबीचा वेग जुन्या ४८० एमबीपीएसवर घसरतो. डॉकवर पेनड्राइव्ह, इंटरनेटची केबल, कॅमेरा वगैरे जोडायचं तर दोन मार्ग चित्राला आणि दोन डेटाला अशी वाटणी होते, आणि चित्राचा पाइप निम्मा होतो. म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.२ वाल्या साध्या टाइप-सी डॉकमध्ये चित्रासाठी उरतात सुमारे ८.६ जीबीपीएस. दोन फुल एचडी आरामात, दोन क्यूएचडी नाही, ४के पुन्हा ३० हर्ट्झवर. तोच डॉक आणि लॅपटॉप दोन्ही १.४ चे असतील तर जवळजवळ १३ मिळतात, त्यात दोन क्यूएचडी बसतात. ‘ड्युअल ४के’ असं छापलेला स्वस्त डॉक घेतला आणि एक मॉनिटर ३० वर अडकला, ही तक्रार जिथे तिथे दिसते. तिचं मूळ या वाटणीत आहे. चित्र दाबून पाठवायची सोय दोन्ही टोकांना असेल तर यापेक्षा जास्तही मावतं, पण तेव्हा लॅपटॉप, डॉक आणि मॉनिटर तिघांचीही कुंडली जुळावी लागते.

टाइप-सीच्याच तोंडाच्या थंडरबोल्टची गोष्ट निराळी. थंडरबोल्ट ३ आणि ४ म्हणजे ४० जीबीपीएसचा एकच मोठा पाइप, त्यात चित्र आणि डेटा दोन्ही. थंडरबोल्ट ४ चा शिक्का लागायचा तर दोन ४के ६० हर्ट्झ मॉनिटर चालवण्याची क्षमता असावीच लागते, आणि १०० वॉटच्या आतल्या लॅपटॉपना किमान एका थंडरबोल्ट पोर्टमधून चार्जिंगही द्यावं लागतं. यूएसबी ४ दिसायला तसाच, पण त्याची सक्ती एकाच मॉनिटरची आहे. पुढचं उत्पादकाच्या मर्जीवर.

पायरी ४: टाइप-सीची जात कशी ओळखायची

पोर्टशेजारचं चिन्ह ही पहिली खूण. विजेचा बाण म्हणजे थंडरबोल्ट. इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंफलेलं चिन्ह म्हणजे चित्र मिळतं. नुसता यूएसबीचा त्रिशूळ असेल तर चित्राची खात्री नाही. चिन्हंच नसतील, तर कागद बघायचा.

कागद म्हणजे विक्रीच्या साइटवरचं पान नव्हे. तिथे वर्णन कोणीही भरतं आणि एका मॉडेलच्या चार उपप्रकारांना एकच वर्णन चिकटवलेलं असतं. उत्पादकाचं तांत्रिक पत्रक शोधा. लेनोव्होचं पीएसआरईएफ म्हणून संकेतस्थळ आहे, तिथे प्रत्येक मॉडेलखाली किती मॉनिटर, कुठल्या पोर्टवर, किती हर्ट्झला चालतात ते सरळ लिहिलेलं असतं. एचपीच्या बिझनेस मालिकांसाठी क्विकस्पेक्स नावाची पत्रकं असतात. डेल आपल्या मॅन्युअलमध्ये बाहेरच्या डिस्प्लेचा तक्ता देतं. ज्या मॉडेलचं असं पत्रकच सापडत नाही, ते मी यादीतून काढतो. एवढी साधी माहिती लपवणाऱ्याकडून पुढे बायोसचे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट काय मिळणार!

पत्रकात तीन वाक्यं शोधायची: टाइप-सीवर डिस्प्लेपोर्ट आहे का आणि कुठल्या आवृत्तीचं, त्याच पोर्टवरून चार्जिंग होतं का, आणि एकूण किती स्वतंत्र पडदे चालतात.

पायरी ५: ग्राफिक्सची खानेसुमारी

पोर्ट चार असले म्हणून मॉनिटर चार चालतील असं नाही. ग्राफिक्स चिपमध्ये पडदे हाकणारे भाग मोजके असतात. इंटेलमध्ये अकराव्या पिढीच्या आयरिस एक्सईपासून चार पडदे झाले. एएमडी रायझनच्या अलीकडच्या लॅपटॉप चिपही साधारण चार चालवतात. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा यातच मोजायचा. आपल्या दोन मॉनिटरला हे पुरून उरतं.

बरेच जण इथे विचारतात, “मग मोठं ग्राफिक्स कार्ड लागेल ना?” नाही लागत. ४के पडद्याचं एक स्थिर चित्र मेमरीत जेमतेम ३३ एमबी जागा घेतं. एडिटर, ब्राउझर आणि टर्मिनल दाखवायला प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स पुरेसं आहे. मशीन लर्निंग, गेम किंवा थ्रीडी हे तुमचं काम असेल तरच वेगळं कार्ड घ्या. उगाच घेतलंत तर त्रासच होतो. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेला असतो, म्हणजे मॉनिटर लावला की ते कार्ड सतत जागं राहतं. नुसता कोड वाचत असतानाही पंखा घरघरतो, बॅटरी उतरते. शिवाय अशा लॅपटॉपना १८०-२३० वॉटचे चार्जर लागतात, त्यामुळे ६५ किंवा १०० वॉट देणाऱ्या डॉकची एक केबल लावून मोकळं व्हायचं स्वप्न तिथे पुरं होत नाही.

अ‍ॅपलवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. एम१ आणि एम२ चिपचं मॅकबुक एअर फक्त एक बाहेरचा मॉनिटर चालवतं. कितीही महागडा थंडरबोल्ट डॉक लावा, आकडा एकच राहतो. मार्च २०२४ला आलेल्या एम३ एअरमध्ये दोन चालतात, पण झाकण मिटून. मार्च २०२५च्या एम४ एअरपासून झाकण उघडं ठेवून दोन. एम१ ते एम४ मधल्या प्रो चिपवर दोन, मॅक्स चिपवर चारपर्यंत. दिवाळीच्या सेलमध्ये जुनं एअर कितीही स्वस्त दिसलं तरी दोन मॉनिटरच्या टेबलावर ते बसत नाही.

मॅकची आणखी एक खोड: एकाच डिस्प्लेपोर्टमधून दोन वेगळी चित्रं काढायची जी एमएसटी पद्धत आहे, ती मॅक मानत नाही. विंडोजवर झकास चालणारा टाइप-सी डॉक मॅकला लावला की दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं. डॉक बिघडला म्हणून तो परत करायला पळू नका.

पायरी ६: डॉक घ्यायचा की नुसत्या केबली?

लॅपटॉप दिवसभर टेबलावरच राहत असेल तर डॉकची चैन न केलेली बरी. एक मॉनिटर एचडीएमआयवर आणि दुसरा टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशा साध्या केबलवर. हजार-दीड हजारात काम होतं आणि बिघडायला मधलं काही राहत नाही. दोन्ही मॉनिटर वेगवेगळ्या पाइपवर असल्यामुळे वरचा वाटणीचा हिशेबही लागत नाही. आज मी असाच बसतो.

रोज ऑफिसला लॅपटॉप नेत असाल तर मात्र एका केबलचं सुख मोठं आहे. तेव्हा तीन पर्याय.

पहिला, साधा टाइप-सी डॉक, एमएसटीवाला. विंडोज किंवा लिनक्स आणि दोन फुल एचडी किंवा, पाइप मोठा असेल तर, दोन क्यूएचडी यांना पुरेसा.

दुसरा, थंडरबोल्ट डॉक. महाग, वीस-तीस हजारांपर्यंत जातो, पण दोन ४के आणि बाकी सगळं एकाच केबलवर निर्धास्त. लॅपटॉपलाही थंडरबोल्ट हवा, नाहीतर तो बहुतेक वेळा साध्या टाइप-सी डॉकसारखाच चालतो. काही जुने तर साध्या टाइप-सीवर चालतही नाहीत.

तिसरा, डिस्प्लेलिंक. हा जुगाड आहे, मी तो चांगल्या अर्थाने म्हणतोय. चित्र प्रोसेसरकडून दाबून घेऊन यूएसबीच्या डेटामधून पाठवायचं आणि डॉकमधल्या चिपने ते पुन्हा उलगडायचं. त्यामुळे पोर्ट चित्र देत नसला तरी, किंवा एम१ एअर असलं तरी, दुसरा-तिसरा मॉनिटर लागतो. साडेबारा वाजताच्या त्या रात्रीनंतर मी हेच घेतलं आणि दोन वर्षं काढली. कोड आणि कागदपत्रांना ठीक आहे. व्हिडिओ आणि अ‍ॅनिमेशनला अडखळतो, प्रोसेसरचा थोडा वाटा खातो. ड्रायव्हर टाकावा लागतो, तेव्हा ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाले परवानगी देतील का ते आधी विचारा. मॅकवर त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी लागते आणि संरक्षित व्हिडिओ काळे दिसतात. लिनक्सवर कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झालं की ड्रायव्हरचं मॉड्यूल पुन्हा बांधावं लागतं आणि ते नेमकं रिलीजच्या दिवशी रुसतं. हातातला लॅपटॉप सांभाळून घ्यायला डिस्प्लेलिंक उत्तम, पण नवा लॅपटॉप घेताना त्याच्या भरवशावर घेऊ नका.

पायरी ७: आता प्रोसेसर, रॅम वगैरे

एव्हाना यादीत पाच-सहाच मॉडेल उरली असतील. रॅमपासून सुरुवात करू, कारण प्रोग्रॅमरचं घोडं तिथे पेंड खातं. १६ जीबी हा आज तळ आहे. डॉकर, अँड्रॉइड एम्युलेटर, दोन-तीन प्रोजेक्ट एकाच वेळी उघडे, असं असेल तर ३२ घ्या. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ वापरत असाल तर ते मूळ सेटिंगमध्ये एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. १६ जीबीत तुमच्या आणि ब्राउझरच्या वाट्याला काय उरेल याचा हिशेब करा. आणि मॉनिटर वाढले की माणूस जास्त गोष्टी उघड्या ठेवतो. रॅम खरी तिथे जाते.

रॅम बोर्डावर डाग दिलेली आहे की स्लॉटमध्ये आहे, हे पत्रकात बघा. पातळ लॅपटॉपमध्ये ती डाग दिलेलीच असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच तुकड्यावर बसवलेली आहे, १६ किंवा ३२, नंतर बदल नाही. स्लॉट असेल तर ‘आत्ता १६, पुढे वाढवू’ हे धोरण इतकी वर्षं शहाणपणाचं होतं. २०२५च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती ज्या भडकल्या, त्या बघता दोन्ही भावांची तुलना करूनच ठरवा. १६ जीबी घेताना ८-८ च्या दोन पट्ट्या असतील तर बरं. अंगभूत ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, आणि दोन वाटांनी पुरवठा झाला की मोठे पडदे सुरळीत चालतात.

प्रोसेसरचं नाव नीट वाचा. एएमडीच्या ७००० मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२० यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २ ही जुनी रचना. ७८४० एचएस मध्ये ४, म्हणजे झेन ४ ही नवी. खोक्यावर दोन्ही ‘रायझन ७०००’च. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर महत्त्वाचं: यू म्हणजे काटकसरी, एच म्हणजे दमदार पण तापट. मोठा सी प्लस प्लस किंवा अँड्रॉइड प्रोजेक्ट दिवसातून वीसदा बिल्ड होत असेल तर एच. नाहीतर यू पुरतो.

एसएसडी ५१२ जीबी किमान. दुसरी एसएसडी बसवायची जागा असेल तर दुधात साखर.

लिनक्सवाल्यांनी इंटेल किंवा एएमडीचं अंगभूत ग्राफिक्सच घ्यावं, ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. वेगवेगळ्या घनतेचे मॉनिटर असतील तर पडदा हाकणारी नवी वेलँड प्रणाली वापरा, जुन्या एक्स प्रणालीत दर मॉनिटरला वेगळं स्केलिंग धड जमत नाही. इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, आर्म (एआरएम) जातीच्या प्रोसेसरचा विंडोज लॅपटॉप मोहात पाडत असेल तर आधी ऑफिसचं व्हीपीएन, डॉकचा ड्रायव्हर आणि तुमच्या डॉकर इमेज आर्मवर चालतात का ते बघा.

पायरी ८: पैसे कमी असतील तर

पन्नास हजारांच्या आतला नवा लॅपटॉप आणि मोठ्या कंपन्यांनी लीज संपल्यावर काढलेला बिझनेस लॅपटॉप यांत, दोन मॉनिटरसाठी मी डोळे मिटून दुसरा घेईन. तोही अकराव्या पिढीचा इंटेल. थिंकपॅड टी१४ जेन २, लॅटिट्यूड ५४२०, एलिटबुक ८४० जी८ ही त्या काळातली मंडळी, इंटेल आवृत्तीत थंडरबोल्ट ४ घेऊन आलेली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी करा. बिल आणि किमान सहा महिन्यांची हमी यावर अडून बसा.

पैसे देण्याआधी तिथेच तीन गोष्टी करा. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून बघा. बायोस उघडतं का, की पासवर्ड मागतं, ते बघा. आणि विंडोज रीसेट करून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सुरुवातीचं सेटअप चालवा. मध्येच एखाद्या कंपनीचं नाव आणि लॉगिन आलं, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या व्यवस्थेत अडकलेलं आहे. दुकानदार कितीही म्हणाला “होतं ते”, तरी उठून या.

स्वतंत्र काम करणाऱ्यांना एक सूचना: जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक घाला, कामासाठीच्या लॅपटॉप-मॉनिटरवरचा कर वळता करता येतो. आणि नेहमीच्या पद्धतीने हिशेब ठेवत असाल तर आयकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, खरेदीच्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर निम्मा. बाकी सीएला विचारा.

पायरी ९: दुकानातली परीक्षा आणि पहिली संध्याकाळ

मोठ्या शोरूममध्ये लॅपटॉपच्या शेजारच्या दालनात ४के टीव्ही असतात. खिशात टाइप-सी ते एचडीएमआय केबल घेऊन जा, ४के ६० हर्ट्झ चालणारी, आणि नम्रपणे सांगा की हा लॅपटॉप त्या टीव्हीला लावून बघायचाय. विक्रेता थोडा गोंधळेल, पण सहसा नाही म्हणत नाही. लागला की सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. तिथे किती पिक्सेल आणि किती हर्ट्झ मिळतायत ते लिहिलेलं असतं, आणि तो पडदा कुठल्या ग्राफिक्सला जोडलाय तेही. ऑनलाइन घेत असाल तर परत करायची मुदत आणि अटी आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी लॅपटॉपला फक्त बदली मिळते, पैसे परत नाही.

घरी आल्यावर सिनेमा लावायच्या आधी, मुदतीच्या आत, सगळा संसार एकदा मांडा. दोन्ही मॉनिटर, डॉक, चार्जर, इंटरनेटची केबल. दोन्ही पडदे ६० वर आहेत का बघा. झाकण मिटून उघडा. झोपवून जागं करा, दोन्ही मॉनिटर परत येतात का ते दहादा बघा, कारण डॉकची खरी नाटकं तिथे सुरू होतात. मोठा बिल्ड लावून वीस मिनिटं चालू द्या आणि डॉकवर असताना बॅटरी उतरत नाही ना ते तपासा.

विजेचाही विचार करून ठेवा. दिवे गेले की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, मॉनिटर बंद होतात आणि वीस खिडक्या एकदम १४ इंची पडद्यावर येऊन आदळतात. विंडोज ११ मध्ये मॉनिटर पुन्हा जोडल्यावर खिडक्या जुन्या जागी नेण्याची सेटिंग आहे, ती चालू करा. एक छोटा यूपीएस मॉनिटर आणि राउटरपुरता घेतला तर चालू मीटिंगमध्ये तोंडघशी पडायची वेळ येत नाही.

शेवटचं काम केबलींचं. मोबाइलसोबत आलेली टाइप-सी केबल बहुतेक वेळा चार्जिंग आणि संथ डेटापुरतीच असते, तिच्यातून चित्र जात नाही. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय ही साधी केबल एकाच दिशेने चालते: लॅपटॉपच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरच्या बाजूला एचडीएमआय. उलटी लावली तर काळोख. म्हणून जी केबल चालली तिच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेनाने ‘चित्र, ४के, ६०’ असं लिहून टाका. माझ्या ड्रॉवरमध्ये सध्या सात टाइप-सी केबली आहेत. टेप लावलेल्या दोनच.